पाय, दोन बोरू, लावा आणि हात

कोंडीराम ओव्हाळाला पिंपरीच्या पंपांच्या कारखान्यात सगळे ‘आर्टिस्ट’ म्हणत, आणि ते काही कौतुकाने नव्हे. बासष्ट साली तो पॅकिंग खात्यात लागला, तेव्हा खात्याला ज्याचा हात थरथरत नाही असा एक माणूस हवा होता. देहूरोडच्या लष्करी डेपोत कोंडीरामने चार वर्षं पेट्यांवर नंबर मारले होते. तेवढ्या भांडवलावर फोरमन मालोजी काळोख्यांनी त्याच्या हातात पत्रा कापायची छिन्नी, काळ्या रंगाचा डबा आणि आखूड केसांचा ब्रश दिला. पुढची एकवीस वर्षं त्याच्या हातात तेच राहिलं.

काम सोपं होतं. पातळ पत्र्यात अक्षरं कापायची, पत्रा लाकडी पेटीवर ठेवायचा आणि वरून ब्रश फिरवायचा. अक्षरांखेरीज चार चित्रं असत. छत्री म्हणजे पावसात ठेवू नका. पेला म्हणजे जपून उचला. हमालाच्या लोखंडी आकड्यावर फुली म्हणजे आकडा टोचू नका. आणि बाण म्हणजे ही बाजू वर. कोंडीराम चौथी पास होता. इंग्रजी अक्षरं तो नुसती कापायचा, वाचायचा नाही. पण चित्रं वाचायचा. मुंबईच्या गोदीतल्या हमालाला छत्री कळते, समुद्रापलीकडच्या हमालालाही कळते, मग मधली ही अक्षरांची भानगड कुणी काढली, असं त्याने एकदा मालोजींना विचारलं.

“राव, ब्रश मार,” मालोजी म्हणाले. त्यांच्याकडे सगळ्या प्रश्नांना हेच उत्तर असे, त्यामुळे त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

पंप जायचे सुदानला. तिकडच्या नव्या कालव्यांवर ते बसणार होते. त्यांची दुरुस्ती शिकून घ्यायला सदुसष्टच्या दिवाळीनंतर तिकडून एक माणूस वर्षभरासाठी पिंपरीला आला. इद्रीस त्याचं नाव. उंच, सडपातळ, तव्यासारखा काळा, आणि हसला की सगळं कॅन्टीन वळून बघेल असा. कारखान्यातल्या लोकांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव ‘हबशी’ ठेवलं. आपल्या लोकांना रंगावरून बोलायला कुणी शिकवावं लागत नाही; ते बाळकडूतच मिळालेलं असतं. कॅन्टीनमध्ये इद्रीस बसला की त्याच्या बाकावरची माणसं हळूहळू दुसरीकडे सरकत. रिकाम्या बाकाशी कोंडीरामची जुनी ओळख होती. त्याने आपला डबा उचलला आणि इद्रीससमोर जाऊन बसला.

डेपोत शिकलेलं हिंदी कोंडीरामकडे होतं. इद्रीसचं हिंदी त्याहून मोडकं होतं. दोघांची मोडतोड एकमेकांना छान बसली.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत इद्रीस पॅकिंगच्या शेडमागे आला. फळीवर छत्री, पेला, आकडा, बाण ओळीने वाळत होते. तो ते बघत राहिला आणि मग त्याला हसूच फुटलं.

“कोंडीभाई, ये तो मेरे दादा लोग का लिखना है.”

खिशातला खडू काढून त्याने फळीवर एक पाय काढला. मग एक पक्षी, पाण्याची नागमोडी रेघ, अर्धी भाकरी. ही चित्रं नव्हेत, अक्षरं आहेत, असं त्याने सांगितलं. पाय म्हणजे ‘ब’. पाण्याची रेघ म्हणजे ‘न’. भाकरी म्हणजे ‘त’. चार हजार वर्षांपूर्वी नाईल नदीच्या काठी लोक असं लिहीत.

कोंडीरामच्या हातातला घास हातातच राहिला. पाणी म्हणजे पाणी नाही तर ‘न’, ही गोष्ट त्याला अशी काही चावली की पुढचं वर्षभर त्याने इद्रीसची पाठ सोडली नाही.

इद्रीस वाडी हल्फाचा, म्हणजे इजिप्त आणि सुदान यांच्या हद्दीवरच्या नुबिया मुलखातला. तिथे जुन्या देवळांचं खोदकाम चाले. शाळा सुटल्यावर तो तिथे मातीच्या पाट्या उचले, आणि तिकडच्या पुराणवस्तू खात्यातल्या एका कारकुनाने त्याला ही चिन्हं शिकवली. शाळेतला गोरा मास्तर मात्र सांगे, की हे सगळं उभं करणारे लोक बाहेरून, उत्तरेकडून आले होते, तुमच्या पूर्वजांनी फक्त दगड वाहिले. हे सांगताना इद्रीस फळीवर इतक्या जोरात खडू दाबे की तो मोडे. आमच्या कुशच्या राजांनी सगळ्या इजिप्तवर राज्य केलं, तो म्हणे. आमच्याकडे पिरॅमिड त्यांच्यापेक्षा जास्त आहेत. भिंतीवरची तोंडं बघ आणि माझं तोंड बघ.

कोंडीरामला हे नवीन वाटलं नाही. एका रविवारी तो इद्रीसला देहूरोडपलीकडच्या डोंगरातली लेणी दाखवायला घेऊन गेला. वाटेत गुरं राखणाऱ्या एका म्हाताऱ्याला विचारलं, ही कुणी कोरली? “पांडवांनी, एका रात्रीत,” म्हातारा म्हणाला. कोंडीरामने ते इद्रीसला समजावलं. लेणी बौद्ध भिक्खूंची आहेत, भिंतीवर दान देणाऱ्या साध्या माणसांची नावं कोरलेली आहेत, पण ती कुणी वाचत नाही आणि सगळे पांडवांवर ढकलून मोकळे होतात. इद्रीस एका खांबाला टेकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

धडे जेवणाच्या सुट्टीत चालत. पहिला धडा तोंडांचा. ओळीत पक्षी आणि माणसं ज्या बाजूला तोंड करून असतील, त्या बाजूने वाचायला लागायचं. कोंडीरामने हौसेने एक अख्खी ओळ पत्र्यात कापली आणि घाईत पत्रा पालथा ठेवून रंग मारला. पॅकिंग खात्यात याहून मोठा गुन्हा नाही. अक्षरं उलटी उमटतात, फळी रंधून काढावी लागते आणि मालोजी दिवसभर ऐकवतात. कोंडीरामने कपाळावर हात मारला. इद्रीसने शांतपणे फळीकडे बघितलं.

“ठीक है. अभी उधर से पढ़.”

पक्ष्यांची तोंडं आता दुसरीकडे होती, म्हणून सुरुवात दुसरीकडून. देवळाच्या दारावर तर मुद्दाम दोन्ही बाजूंनी समोरासमोर लिहीत. पालथा पत्रासुद्धा बरोबर ठरतो अशी लिपी जगात आहे, हे कळल्यावर कोंडीराम तो दिवसभर उगाचच खुशीत होता.

दुसरा धडा नकाशाचा. इद्रीसने आफ्रिकेचा नकाशा पसरला आणि तो उलटा फिरवला, दक्षिण वर. हे जुने लोक दक्षिणेकडे तोंड करून उभे राहत, त्याने सांगितलं. त्यांचा उजवा हात पश्चिमेला, डावा पूर्वेला. पाणी जिकडून येतं तिकडे त्यांचं तोंड, म्हणजे आमच्याकडे, आफ्रिकेच्या पोटाकडे. उत्तरेकडे त्यांची पाठ. आणि मास्तर म्हणतो ते उत्तरेकडून आले!

कोंडीरामने आपल्या पेटीवरच्या बाणाकडे बघितलं. ही बाजू वर. इतकी वर्षं तो बाण मारत आला होता.

“मग वर कुठलं, ते ठरवतं कोण?” त्याने विचारलं.

“जो लिखता है वो,” इद्रीस म्हणाला.

इद्रीसचं सगळंच कोंडीरामने डोळे मिटून घेतलं असं नाही. ते लोक आपल्या देशाला ‘केमेत’ म्हणत, म्हणजे काळा देश. इद्रीसच्या मते काळ्या माणसांचा देश. पण पुस्तकं म्हणतात काळ्या मातीचा, हेही त्यानेच प्रामाणिकपणे सांगितलं. कोंडीरामने विचार केला. “माती आणि माणूस एकाच रंगाचे असले तर भांडण कशाचं?” त्याने विचारलं. स्वरांचंही तसंच. ही लिपी स्वर जवळजवळ लिहीतच नाही. पुस्तकं लिहिणाऱ्या गोऱ्या साहेबाने आपल्या सोयीने सगळीकडे ‘ए’ घुसवला. मग माझ्या आजीच्या बोलीतले स्वर का नाही घालायचे, हा इद्रीसचा सवाल होता. परक्या नावांत मात्र लिहिणाऱ्याने हवी ती चिन्हं स्वरांसाठी वापरली तर चालतं, अशी मुभा त्याने कोंडीरामला दिली.

घरी या विद्येचं स्वागत वेगळं झालं. ‘केमेत’मधला ‘म’ लिहायला घुबड लागतं. कोंडीरामने पाटीवर मोठं झोकात घुबड काढलं आणि पाटी कोनाड्यात ठेवली. त्याची बायको कस्तुराबाई सकाळी केर काढायला आली आणि किंचाळली. छप्पन साली धर्म बदलताना तिने बावीस प्रतिज्ञा घेतल्या होत्या, भुताखेतांना रजा दिली होती. पण घुबड ते घुबड. पाटी अंगणात गेली. तेव्हापासून कोंडीरामचा ‘केमेत’ घराबाहेरच राहिला.

निघायच्या महिन्यात इद्रीसने त्याला माणसांची चिन्हं शिकवली. नाव लिहिलं की शेवटी एक माणूस काढायचा. तो वाचायचा नाही, नुसता बघायचा, म्हणजे हे नाव माणसाचं आहे हे कळतं. जमिनीवर बसलेला माणूस म्हणजे कुणीही माणूस. खुर्चीवर बसलेला म्हणजे मानाचा माणूस, आदराने आठवावा असा. कोंडीरामने आपल्या वहीत दोन्ही काढले. पहिल्यापुढे लिहिलं, ‘माणूस’. दुसऱ्यापुढे क्षणभर विचार करून लिहिलं, ‘पाटील’.

त्याच दिवसांत इद्रीसने आपल्या गावाची गोष्ट सांगितली. नाईलवर मोठं धरण झालं आणि नुबिया पाण्याखाली गेला. परदेशातून इंजिनियर आले, राजांची देवळं दगड दगड सुटा करून उंचावर नेऊन उभी केली. इद्रीसच्या आजीची, सकीनाची, कबर कुणी उचलली नाही. गावकऱ्यांना नव्या जागी नेणारी गाडी सुटायच्या आदल्या दिवशी त्याने घराच्या भिंतीवर आजीचं नाव या चिन्हांत कोरलं. या जुन्या लोकांची समजूत होती, की नाव कुठेतरी कोरलेलं असलं आणि कुणीतरी ते मोठ्याने वाचलं, तर माणूस संपत नाही. इद्रीसच्या बापाला ते आवडलं नाही. मूर्तिपूजकांची लिपी आपल्या घराला कशाला, म्हणाला. “मैं पूजा नहीं किया,” इद्रीस म्हणाला, “नाम लिखा.”

मग तो गेला. जाताना दोनशे चिन्हांची आपली वही कोंडीरामला देऊन गेला. पत्ता नीट देता आला नाही, कारण त्याच्या लोकांना नव्या जागी वसवलं होतं आणि तिथल्या गल्ल्यांना अजून नावं नव्हती. पुढची दोन वर्षं कोंडीराम एकटाच सुट्टीत वही उघडून बसे. खात्यातले लोक म्हणत, आर्टिस्ट चिमण्या-कावळे वाचतोय.

आणि मग पवनेवरच्या धरणाचं काम पुढे सरकलं.

कोंडीरामचं मूळ गाव, खडकवडी, पवनेच्या काठी होतं. धरणाचं पाणी अडवलं की गाव बुडणार, आणि त्याच पाण्यावर पुढे पिंपरी-चिंचवडचे नळ आणि कारखाने चालणार, असं सगळे सांगत. कोंडीरामची तिथे जमीन नव्हती, घर म्हणावं असं घर नव्हतं, मग रडायचं कशाला, असं त्याला वाटे. पण त्याची आई तानुबाई जेवायची थांबली.

“माझा माणूस हाय तिथं,” ती म्हणाली.

भिवा, कोंडीरामचा बाप, गावाचा येसकर होता. आयुष्यभर दुसऱ्यांचे निरोप घेऊन पळाला. साहेब आला की घोड्यापुढे पळायचं, कुणी मेलं की सांगावा घेऊन चार गावं पळायचं. पाटलांचा दौलतराव त्याच्या निम्म्या वयाचा होता, तरी चावडीच्या कट्ट्यावरून हाळी देई, “भिव्या, ए भिव्या!” भिवा खाली धुळीत उकिडवा बसून ऐके. त्याचं पुरतं नाव गावात कुणी घेतलं, असं कोंडीरामला आठवत नव्हतं. तो गेला तेव्हा ओढ्याकाठी त्याला मूठमाती दिली आणि एक मोठा काळा दगड उशाला ठेवला. दगडावर काहीच नव्हतं.

“पानी यायच्या आदी त्येच्यावर नाव घाल,” तानुबाई म्हणाली. “मला वाचाय येत न्हाई. पन हाय, येवढं कळंल.”

नाव कोणत्या अक्षरांत घालायचं, यावर कोंडीरामचं पंधरा दिवस मनाशी चाललं. मराठीत घालणं सोपं होतं. पण मराठीत ते नाव डोळ्यांसमोर आलं, की कानात दौलतरावाची हाळी वाजे. जी अक्षरं त्या गावात कुणाला हिणवायला कधी वापरली गेली नव्हती, ती त्याला हवी होती. आणि ती त्याच्याकडे होती. देहूरोडच्या विहारातले भीमराज मास्तर हे ऐकून चिडले. “देव सोडले ते ही घुबडं-गिधाडं पुजायला?” त्यांनी विचारलं. “पूजा न्हाई मास्तर,” कोंडीराम म्हणाला. “नाव लिवतोय.” बोलल्यावर त्याच्या ध्यानात आलं की हे वाक्य आपलं नव्हे.

त्याने नाव जुळवलं. ‘भ’ या लिपीत नाही, म्हणून ‘ब’वर भागवायचं: पाय. मग बोरूची दोन पाती, म्हणजे ‘ई’. मग लावा पक्ष्याचं पिल्लू, म्हणजे ‘व’. शेवटचा ‘आ’ गिधाडाने लिहितात, पण गिधाड म्हटलं की त्याला गावकुसाबाहेर ओढत नेलेली मेलेली ढोरं आठवत. त्याने गिधाड बाजूला सारलं आणि त्याऐवजी हात घेतला. पाय आणि हात. बापाकडे तेवढंच तर होतं. आणि शेवटी, वहीत बघून, जमिनीवर बसलेला माणूस.

पण दगडावर एकदा छिन्नी चालली की रंधा मारता येत नाही. चुकलं तर? विचारावं असा जगात एकच माणूस होता आणि त्याचा पत्ता नव्हता. पंप मात्र त्याच्याकडेच जात होते. कोंडीरामने पत्रा कापला आणि पोर्ट सुदानला जाणाऱ्या एका पेटीच्या झाकणाला आतल्या बाजूने ती ओळ मारली. तिच्याखाली मारली छत्री, म्हणजे कुणी मारलं ते इद्रीसला कळेल. मालोजींनी बघितलं. कोंडीरामला वाटलं, आता फळी बदलायला लावतील. “आतल्या बाजूला हाय ना? मग मी काय बघितलं न्हाई,” मालोजी म्हणाले आणि निघून गेले. या एका वाक्यासाठी त्यांचं बाकी सगळं माफ करायला हरकत नाही.

सात महिने काही आलं नाही. पुढच्या पावसाळ्यात पाणी अडवणार, असं कानावर आलं. खडकवडीतले लोक घरांचे तुळया-वासे उतरवू लागले. तानुबाई रोज विचारी, आणि कोंडीराम रोज म्हणे, “थांब.” एकदा त्याने रात्रपाळीचा बहाणा करून तिच्यासमोर यायचंच टाळलं, इतका तो कासावीस झाला होता.

आणि मार्चमध्ये मालोजींनी एक कार्ड त्याच्या पुढ्यात टाकलं. “घे. तिकडून चिमण्या-कावळ्यांचं आलंय.” पत्त्याच्या जागी इंग्रजीत लिहिलं होतं: आर्टिस्ट कोंडीराम, पॅकिंग खातं, पंपांचा कारखाना, पिंपरी. मागे मजकूर नव्हताच. फक्त एक ओळ होती. पाय. दोन बोरू. लावा. हात. सगळं जसंच्या तसं, आणि शेवटचा माणूस बदललेला.

कोंडीरामने आपली वही उघडली. ते चिन्ह सापडलं आणि त्यापुढे त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: ‘पाटील’. तो गोंधळला. इद्रीसने बापाला पाटील करून टाकलं? का घाईत चुकला? बाप कधी असा बसला नव्हता. जसा होता तसा काढायचा तर जमिनीवरच काढायला हवा. दुसरं काही काढलं तर खोटं होईल.

घरी गेल्यावर त्याने कार्ड आईसमोर धरलं. तानुबाईला आयुष्यात एक अक्षर येत नव्हतं. तिने कार्ड उजेडाकडे केलं, डोळे बारीक केले, पक्षी बघितला, पाय बघितला, आणि शेवटच्या माणसावर तिचं बोट थांबलं.

“ह्यो खुर्चीत बसलाय,” ती म्हणाली. “कोन ह्यो?”

उलटा केलेला नकाशा, पेटीवरचा बाण आणि इद्रीसचं उत्तर कोंडीरामला एकदम आठवलं. जो लिहितो तो ठरवतो. आणि लिहिणारा तर आपणच आहोत.

“बा हाय,” तो म्हणाला.

तानुबाईने पदराने कार्ड पुसलं, काही लागलेलं नव्हतं तरी. त्या दिवशी ती पोटभर जेवली. कोंडीरामने वहीतला ‘पाटील’ खोडला आणि त्याजागी लिहिलं, ‘भिवा’.

तीन रविवार तो ओढ्याकाठी दगड कोरत बसला. तानुबाई शेजारी बसून छिन्नीला पाणी सोडत होती. ज्याला त्याला आपापली दारं-खिडक्या हलवायची घाई होती, त्यामुळे कुणी विचारायला फिरकलं नाही. नाव झालं, खुर्ची झाली, आणि पावसाळ्यात दोन्हींवर पाणी आलं.

तानुबाई सत्त्याहत्तर साली गेली. दर मे महिन्यात कोंडीराम धरणावर जाऊन यायचा. पाणी ओसरलं की जुन्या गावाच्या भिंती वर येत, देवळाचा चौथरा वर येई, पण ओढा खोलात होता, दगड काही दिसत नसे. ऐंशीच्या मे महिन्यात पाणी फारच खाली गेलं. कोंडीराम भेगाळलेल्या गाळावरून चालत ओढ्यापाशी पोचला आणि जागीच थांबला.

दगड वर आला होता, आणि नखशिखांत शेंदराने माखला होता. पुढे फुटका नारळ, उदबत्त्या, काठीला बांधलेलं भगवं फडकं. समोर तांब्या ठेवून एक म्हातारा हात जोडून उकिडवा बसला होता. धोतर, टोपी, पांढऱ्या मिशा. कोंडीरामने दौलतराव पाटलांना ओळखलं. दौलतरावांनी मात्र टेरिकॉटच्या शर्टातल्या, चष्मा लावलेल्या माणसाला ओळखलं नाही.

“या पावनं, बसा,” ते म्हणाले. “पुन्याकडचं का? लई जागृत देव हाय. गाळातनं वर आला. माजी गाय चार दिस घावत न्हवती, हितं घावली. पांडवांच्या काळचा हाय म्हनत्यात.”

कोंडीरामला हसू आलं आणि लगेच संतापही आला. ज्याला माणूस म्हणून हाक मारली नाही, त्याला देव करून मोकळे! नाव शेंदराखाली गेलं होतं. पाण्याने ते झाकलं होतं, पण पुसलं नव्हतं. हा शेंदूर दर वेळी चढत राहिला तर शेवटी तिथे नुसता लाल गोळा उरला असता. तो खाली बसला आणि नखाने एका रेघेतला शेंदूर काढू लागला.

“आवं, हात नका लावू!” दौलतराव ओरडले.

“ह्ये नाव हाय. मला वाचाय येतं. तुमालाबी यील. पक्ष्याचं तोंड कुटं हाय, चाचपून बगा. तिकडनं सुरू करायचं.”

त्याच्या आवाजात असं काही होतं, की दौलतराव पुढे सरकले. त्यांनी शेंदराखाली हाताला लागणाऱ्या खाचांवर बोट ठेवलं.

“ह्यो पाय,” कोंडीराम म्हणाला. “म्हंजी ब.”

“ब.”

“दोन बोरू. ई.”

“बी.”

“लावा. व. आन् हात, आ.”

“बी... वा,” दौलतराव म्हणाले. बोट हातावर थांबलं. “बिवा. भिवा?” त्यांनी वर बघितलं. चष्म्यामागचा चेहरा त्यांनी आता नीट न्याहाळला. इथे उशाशी दगड ठेवून कुणाला पुरलं होतं, हे त्यांना आठवलं असावं. “भिव्या? म्हंजी, भिव्याचा तू—”

“लिवलंय तेवढंच वाचा,” कोंडीराम म्हणाला.

वाऱ्यावर फडकं फडफडत होतं. दौलतरावांनी पुन्हा पायापासून बोट फिरवलं. पाय, दोन बोरू, लावा, हात.

“भिवा,” त्यांनी वाचलं.

“भिवा संतू ओव्हाळ. माझा बाप. देव न्हाई त्यो, माणूस हाय. शेंदूर काडाय पायजे.”

कोंडीराम रुमाल काढून उठला आणि पाण्याकडे निघाला. तो दहा पावलं गेला असेल-नसेल, मागून दौलतरावांनी त्याला गाठलं, आपला तांब्या घेऊन पुढे झाले, गाळात घोट्यापर्यंत उतरून तो भरला आणि परत येऊन स्वतः दगडावर ओतला. कोंडीराम रुमालाने पुसू लागला. आधी पाय निघाला, मग बोरू, मग लावा, मग हात. शेवटचं चिन्ह खोल कोरलेलं होतं, तिथला शेंदूर निघायला वेळ लागला. दौलतराव उकिडवे बसून वाकून बघत होते. लाल रंगातून हळूहळू दोन पाय दिसले, मग पाठ, मग त्या पाठीला टेकलेला माणूस.

“ही खुर्ची व्हय?” त्यांनी विचारलं.

“व्हय.”

दौलतरावांनी तांब्यातलं उरलेलं पाणी त्यावर सोडलं आणि पुन्हा निरखून बघितलं.

“भिवा बसल्यात,” ते म्हणाले, आणि दुसरा तांब्या भरायला उठले.